फिर्यादी वाटेवर आहेत

अधिकार हाती आला की काहींना नदीसुद्धा घरची वाटते. दिवाण त्र्यंबकपंतांनी नौकाविहारासाठी राजवाड्याच्या खालच्या अंगाला नदीवर बांध घातला आणि त्याची दारं बारमाही बंद ठेवली. खडस मासे आषाढात वर चढून राजवाड्यापलीकडच्या नदीतल्या दगडगोट्यांत अंडी घालत. दोन वर्षं ते बांधाखालीच अडकले, आणि डोहात पिल्लू म्हणून दिसेना.

शेवटी तिसऱ्या आषाढात कोंडाबाई भोईण दरबारात उभी राहिली. "सरकार, दारं उघडा, नाहीतर खडसांचा वंश बुडेल."

त्र्यंबकपंत मिशीत हसले. "फिर्याद माशांची आणि बोलणार तू? फिर्यादीनं स्वतः हजर व्हावं, असा इथला रिवाज आहे. आण तुझे मासे!"

दरबार खो खो हसला. कोंडाबाई पदर खोचून राजेसाहेबांकडे वळली.

"सरकार, दरबाराला निघालेल्या फिर्यादीची वाट कुणी अडवली तर?"

"त्याला भर चावडीत उभा करू. मग तो कुणी का असेना!"

"मग फिर्यादी आठ दिवसांपूर्वीच निघालेत, सरकार. बांधाच्या पायथ्याशी डोकं आपटताहेत. त्यांची वाट कुणी अडवली, ते पंतांनाच विचारा."

सगळ्या माना पंतांकडे वळल्या. पंत पागोटं सावरत उठले आणि दारं उघडायला स्वतःच धावले. आषाढ-श्रावण ती उघडीच ठेवायची, असा हुकूमही निघाला.

तिसऱ्या दिवशी राजवाड्याच्या घाटापाशी सोनेरी खवले लखलखले. राजेसाहेब पायरीवर बसून कौतुकानं बघत होते.

"कोंडाबाई, फिर्यादी तर आले. पण थांबेनात की!"

"कशाला थांबतील, सरकार? वाट मिळाली, फिर्याद मिटली."