मोरीकाठची अळकुडी

त्या मुलुखात विळीचं राज्य होतं, आणि विळीनं कापलं की तिचे आभार मानायची पद्धत होती. कांदा दोन फाका होऊनही आधी "उपकार झाले, सरकार" म्हणे आणि मगच परातीत पडे. ज्याला आभार सुचत नसत त्याला कोथिंबीर ते शिकवी. ती दरबारची लेखनिक होती. कुठलाही पदार्थ शिजून तयार झाला की शेवटी येऊन वर बसायची आणि चव आपल्यामुळेच आली असं लिहून ठेवायची.

उपदेशाचं काम भोपळेरावांकडे होतं. ते परसातल्या वाफ्यात वाढले आणि तिथून उचलून थेट खिडकीजवळच्या शिंक्यात बसवले गेले. "पडल्याशिवाय कुणी वाढत नाही," असं ते वरून सांगत, आणि खालची टोपली माना डोलवत असे.

एकदा विळीनं एक अळकुडी मधोमध कापली. बुडखा शिजायला गेला. शेंड्याकडचा डागाळलेला तुकडा खिडकीतून मोरीच्या तोंडाशी जाऊन पडला. तिथं आधीपासून कांद्याचं बूड आणि आल्याचं एक टोक पडून होतं.

"ये बाई," बूड म्हणालं. "इथं आभार मानावे लागत नाहीत. ऐकायलाच कुणी नसतं."

वरून राख पडे, खरकटं पडे. आलं आठ दिवसांत सुकलं. "वाळायचंच होतं तर आत तरी वाळवायचं," ते जाता जाता म्हणालं. "सुंठ म्हणून डब्यात बसलो असतो." कांद्याच्या बुडानं दोन हिरव्या पाती काढल्या, तोच त्याच्यावर कढत पेज ओतली गेली. ते मऊ पडलं.

"अगं, माझ्यात मूळ घाल," ते अळकुडीला म्हणालं. "मला कुजायचंच आहे, तर तुझ्या कामी कुजू दे."

अळकुडीला लाज वाटली. पण जगायचं होतं. तिनं मूळ घातलं.

चार महिन्यांत तिला सुपाएवढी पानं आली आणि पोटाशी तीन लेकी धरल्या. दरबारात बोलबाला झाला. कोथिंबीर वही घेऊन खिडकीत आली.

"कशानं वाढलीस?"

"कांद्याच्या बुडानं."

कोथिंबिरीनं लिहिलं, 'चिकाटीनं.'

"आणि आलं वाळून गेलं, तेही लिहा."

"गेलेल्यांची वही वेगळी असते."

"कुठं आहे?"

"अजून उघडलेली नाही."

मग मोरीकाठी सत्कार झाला. विळीनं मानाच्या पंगतीसाठी अळकुडीची सगळी पानं कापून नेली. मोरीवर आल्यापासून अळकुडीनं कुणाचे आभार मानले नव्हते. त्या दिवशी मानले, कारण तिला काहीतरी मागायचं होतं.

"रावसाहेब, माझ्या लेकींना वाफ्यात जागा द्या. अर्धा वाफा मोकळाच आहे. माती भुसभुशीत आहे, कढत पाणी पडत नाही. मला स्वतःला काही नको."

टोपलीत कुजबुज झाली. भोपळेरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना फार वाईट वाटलं असावं.

"बाई, आईच लेकींच्या मुळावर उठली तर कसं व्हायचं? वाफ्यात बसून तुम्हाला ही पानं आली असती का? तुम्हाला जे भाग्य मिळालं, ते लेकींना नको?"

"मला भाग्य मिळालं नाही, रावसाहेब. मला कांद्याचं बूड मिळालं."

"हा त्यांचा विनय," कोथिंबीर घाईघाईनं म्हणाली आणि तसंच लिहिलं.

तिन्ही लेकी आईच्या पोटापासून सोडवून मोरीच्या दगडावर मांडल्या गेल्या. त्यांनाही मधोमध कापून मोरीत टाकायचं ठरलं होतं, तेही वाजतगाजत. विळी पुढं आली. भोपळेरावांनी भाषणाला सुरुवात केली. "पडणं म्हणजे काय? पडणं म्हणजे..."

तेवढ्यात शिंक्याच्या सुंभाचा एक पदर तट्‌कन तुटला. शिंकं बोटभर कललं.

"अरे धरा! धरा रे! मेलो, मेलो!"

सगळा दरबार धावला. कुणी दुहेरी दोर आणला, कुणी तिहेरी. तरीही रावसाहेबांचं कापरं थांबेना, तेव्हा सुपं आणि पाट्या परसात पळाल्या. त्यांनी मोकळा वाफा खणला, तळापर्यंत खरवडला, आणि ती सगळी भुसभुशीत माती आणून शिंक्याखाली ढीग घातला. चुकून पडलेच, तर लागायला नको.

येताना एका पाटीतून मूठभर माती मोरीच्या कडेला सांडली. अळकुडीनं हळूच एक मूळ तिकडं सरकवलं. कोथिंबीर लगबगीनं आली, मुळावरची माती झटकून घेतली, खालची झाडून घेतली आणि ढिगावर नेऊन टाकली.

दगडावर लेकी तशाच मांडलेल्या होत्या. विळी खोळंबली होती.

भोपळेरावांनी आधी खालचा ढीग पाहिला, मग वरचे सगळे दोर एकेक करून ओढून पाहिले. मग घसा खाकरला.

"तर मी काय सांगत होतो," ते म्हणाले. "पडण्यासारखं दुसरं सुख नाही."