बिनबैठकीचा पेला

एका राज्यात पाहुण्याचं स्वागत वेशीवर चांदीच्या पेल्याने होई. पेल्याला बैठक नव्हती. एका दमात रिता केल्याखेरीज तो खाली ठेवताच येत नसे. झाकणावर चांदीचा बगळा होता. पेला घडवला बाळोजी सोनाराने, भाता ओढला त्याच्या धाकट्या भावाने, येसूने.

एकदा एक म्हातारा जादूगार आला. पिता पिता त्याला ठसका लागला. दरबार हसला, राजाही हसला. म्हाताऱ्याने पेला राजाच्या उजव्या हाती दिला आणि शाप दिला: पेला कधी रिता होणार नाही, खाली टेकेपर्यंत हातातून सुटणार नाही, आणि घडवणाऱ्याचा जीव झाकणात राहील. त्याच घडीला बाळोजी ऐरणीवर कोसळला आणि बगळा बोलू लागला.

तीन वर्षं गेली. पेल्याला टेकू दिले, ते मोडले. राजाला शिक्का उचलता येईना, न्याय अडून राहिले. येसू रोज राजापाशी बसून बगळ्याशी बोले. एके दिवशी त्याने चिडून पेल्यावर हातोडा घातला, हातोडाच दुभंगला.

"येड्या, अजून वाकडाच धरतोस," बगळा म्हणाला.

"दादा, तुला सोडवू कसा?"

"मी बैठक दिली नाही, ती तू दे. चांदी तिघांची आण. एकाने रडत दिलेली, एकाने हसत दिलेली, तिसरी तुझी."

"मग तू बोलशील ना?"

"मग मी निजेन. फार दमलोय रे."

येसू निघाला. एका विधवेने रडत आपली जोडवी दिली. एका लेकुरवाळीने हसत बाळाचे वाळे दिले. पाय गुबगुबीत झाले होते, वाळे चढत नव्हते. तिसरी चांदी येसूच्या मनगटावर होती, दादाने घडवलेलं कडं. ते उतरवायला त्याला तीन दिवस लागले.

चांदी वितळली, बैठक घडली. जोड देताना बगळा म्हणाला, "आच मंद ठेव." त्यानंतर तो बोलला नाही.

राजाने भरला पेला खाली ठेवला. पेला उभा राहिला. बोटं सुटली. राजाने शिक्का उचलण्याआधी म्हाताऱ्याला बोलावून हात जोडले. म्हाताऱ्याने दोन घोट घेतले, पेला टेकवला, दम घेतला. कुणी हसलं नाही.

तेव्हापासून त्या राज्यात पाहुणा सावकाश पितो. येसू रोज पेला पुसतो, बगळ्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि हळूच सांगतो, "मंदच ठेवली होती, दादा."