चिंचोक्याएवढा खडा

एका मांडवावर सगळ्यांनाच लोंबून राहावं लागे. जागा थोडी, ऊन त्याहून थोडं. म्हणून कोण कसं लोंबतं याला तिथं फार मोल होतं. दारात लोंबायचा मान ज्याला मिळे, ते एकच पडवळ बियाण्याला राखलं जाई. बाकीच्यांचा वंश त्याच साली संपे.

शेजारशेजारच्या मेढींवर दोन पडवळाच्या वेली चढल्या होत्या. नात्यानं जावा. दोघींना एकाच आठवड्यात फळ धरलं.

धाकटीचं पडवळ बोटाएवढं झालं, तसा तिनं आपल्या ताण्यानं, दोऱ्यासारख्या त्या हिरव्या तंतूनं, त्याच्या टोकाला चिंचोक्याएवढा खडा बांधला. थोरली साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अगं, अजून फूल वाळलं नाही आणि लेकराला धोंडा? सावत्र आहेस की काय?"

"आत्ता त्याला जड वाटत नाही जाऊबाई, म्हणूनच," धाकटी म्हणाली.

थोरलीचं पडवळ मोकळं वाढलं. त्यानं पहिलं वेटोळं घातलं ते तिनं सगळ्यांना दाखवलं. दुसरं त्यानं शेजारच्या दोडक्याच्या मानेला घातलं. दोडक्यानं तक्रार केली, तर लहान आहे अजून, सुटेल आपोआप, असं तिनं सांगितलं.

धाकटी दर आठवड्याला खडा बदली, थोडासाच मोठा. तिचं पडवळ वारा आला की अंग आवरून घेई, मुंगळ्याला वाट देई. येणारंजाणारं त्याच्यापाशी दोन क्षण थांबू लागलं. ते कौतुक कानावर पडू नये म्हणून थोरली वारा नसतानाही पानं सळसळवी. आणि कुणाचं लक्ष नसलं की ते सरळ अंग वरपासून खालपर्यंत न्याहाळत राही. बघता बघता तिच्या मनानं घेतलं, की ही सारी करामत त्या दगडाची.

दारात कुणी लोंबायचं ते ठरवायला म्हातारा सरडा येई. तो यायच्या आदल्या दुपारी धाकटी उन्हानं मलूल पडली होती. थोरलीनं ताणा लांबवला, दगड सोडवून आणला आणि तीन वेटोळी झालेल्या आपल्या पडवळाला बांधला.

"आई, दुखतंय."

"उद्यापुरतं रे. उद्या तेवढा सरळ राहा."

ते सरळ व्हायला गेलं आणि पहिल्याच वळणावर तडकलं.

सकाळी सरडा आला. धाकटीचं पडवळ होतं तसंच लोंबत होतं, टोकाला नुसता रिकामा ताणा. खाली मातीत दगड, आणि दगडापाशी दुसरं पडवळ, अजून वेटोळ्यातच.

दगड कुणाचा, असं सरड्यानं विचारलं. थोरलीची पानं खाली गेली.

"माझाच," धाकटी म्हणाली. "काल गळून पडला."

पुढं बऱ्याच दिवसांनी थोरलीच्या शेंड्याला उशिराचं एक पडवळ धरलं. ते बोटाएवढं झालं, तेव्हा तिचा ताणा मातीत उतरला आणि मोठाले दगड बाजूला सारत काहीतरी बारीक चाचपू लागला. शेजारच्या मेढीवरून दुसरा एक ताणा हळूच खाली आला. चिंचोक्याएवढा खडा त्यानं इतके दिवस जपून ठेवला होता.