तिळूचा कण डब्यात

झिनामावशीने घरी पाव भाजला. गोल गोल, खरपूस, गरम गरम.

मावशीच्या घरी एक रीत होती. पाव भाजून झाला की कडेचा पहिला कण मुंग्यांचा. तिळू मुंगी ओट्यावर वाटच बघत होती. तिच्या धाकट्या भावाचा, राळूचा, पाय मुरगळला होता. तो बिचारा बिळात उपाशी बसला होता.

मावशीने कडेचा कण मोडला. ताटलीत ठेवला. तेवढ्यात बाळ रडलं, ट्यांहां ट्यांहां. मावशीची उडाली तारांबळ. तिने गरम पाव उचलला. कणही उचलला. दोन्ही डब्यात टाकले. झाकण ठप्प.

झालं. तिळूचा कण गेला.

तिळू डब्याकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"डब्या डब्या, उघड ना. माझा कण डब्यात."

डबा म्हणाला, "माझं झाकण घट्ट. मावशी उठेल, तेव्हा उघडेन."

तिळू मावशीकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी मावशी, ऊठ ना. डबा उघडत नाही. माझा कण डब्यात."

मावशी म्हणाली, "कशी उठू गं बाई? मांडीवर बाळ. बाळ हसेल, तेव्हा उठेन."

तिळू बाळाकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"बाळा बाळा, हस ना. मावशी उठत नाही. डबा उघडत नाही. माझा कण डब्यात."

बाळ म्हणालं, "नाई हशत. माऊ नाचेल, तेव्हा हशेन."

तिळू माऊकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु. जरा लांबूनच बोलली.

"माऊ माऊ, नाच ना. बाळ हसत नाही. मावशी उठत नाही. डबा उघडत नाही. माझा कण डब्यात."

माऊ म्हणाली, "उगाच कशी नाचू? धरायला कवडसा हवा. पडदा हलेल, तेव्हा नाचेन."

तिळू पडद्याकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"पडद्या पडद्या, हल ना. माऊ नाचत नाही. बाळ हसत नाही. मावशी उठत नाही. डबा उघडत नाही. माझा कण डब्यात."

पडदा म्हणाला, "मला का पाय आहेत? वारा येईल, तेव्हा हलेन."

तिळू दमली. तिचे सहाच्या सहा पाय दुखायला लागले. पण तिला राळू आठवला. ती खिडकीत चढली. बाहेर शेवग्याच्या झाडात वारा बसला होता.

"वाऱ्या वाऱ्या, ये ना. पडदा हलत नाही. माऊ नाचत नाही. बाळ हसत नाही. मावशी उठत नाही. डबा उघडत नाही. माझा कण डब्यात."

वारा म्हणाला, "एवढंच ना? हा आलो."

वारा आला, सूं सूं.
पडदा हलला, फडफड फडफड.
कवडसा आला, लुकलुक लुकलुक.
माऊ नाचली, धुपधाप धुपधाप.
बाळ हसलं, खुदुखुदु खुदुखुदु.
मावशी उठली.
डबा उघडला, खट्ट.

आणि बघते तर काय? झाकणाला थेंबच थेंब. टप टप टप. गरम पावाला डब्यात घाम फुटला होता. तिळूचा कण तर भिजून गिच्च झाला होता. तिळूला रडूच आलं.

मावशी म्हणाली, "चुकलंच माझं. गरम पाव कुणी डब्यात कोंडतं का?"

तिने पाव जाळीवर ठेवला. वाऱ्याला म्हणाली, "बाबा रे, थांब जरासा."

वारा थांबला. पावावर फुंकर घालत बसला, फू फू फू. पाव गरम होता. पाव कोमट झाला. पाव गार झाला. कड पुन्हा कुरकुरीत झाली.

मावशीने कडेचा कण मोडला. चांगला मोठा मोडला. तिळूपुढे ठेवला.

"घे गं बाळ, हा तुझा."

मग तिने गार पाव कापडात गुंडाळला. डब्यात ठेवला. आता पावाला घाम नाही.

तिळू कण ओढत ओढत बिळात गेली. राळू दाराशीच बसला होता.

"ताई, किती उशीर केलास."

तिळूने कण त्याच्यापुढे ठेवला. राळूने खाल्ला, कुर्रम कुर्रम. अर्धा खाल्ला आणि थांबला. उरलेला अर्धा त्याने हळूच तिच्याकडे सरकवला.

"ताई, तू पण दमलीस ना? खा."

पाव डब्यात, कण पोटात, गोष्ट आपल्या कानात.