वर्गातला हुशार आर. व्ही.

सबनीस सर ऑनलाइन प्रोग्रॅमिंग शिकवायचे आणि दर दहा मिनिटांनी चॅटमध्ये 'समजलं का?' असं विचारायचे. 'नाही' म्हणणाऱ्याची ते अशी खिल्ली उडवत, की पुढच्या वेळी तो गप्पच बसे. तळोद्याच्या अंगणवाडी सेविका रुमाबाई वळवी मात्र न चुकता 'नाही सर' लिहायच्या. एका शनिवारी सर वैतागले.

"बाई, चाळिशी उलटली तुमची. चार ओळींचा प्रोग्रॅम काही तुमच्याच्यानं व्हायचा नाही. सोमवारपासून येऊ नका. तो आर. व्ही. बघा! मी विचारायचा अवकाश, लगेच 'हो सर'. वर्गात सगळ्यात हुशार!"

"मग काय समजलं, ते त्यालाच विचारा ना, सर."

सरांनी ऐटीत लिहिलं, 'आर. व्ही., आज काय शिकलास?'

'हो सर.'

'अरे, शिकलास काय?'

'हो सर.'

रुमाबाई म्हणाल्या, "सर, तो माणूस नाही. माझा चार ओळींचा प्रोग्रॅम आहे. प्रश्नचिन्ह दिसलं की 'हो सर' लिहितो. त्याला समजत काहीच नाही, पण तुम्हाला तोच हुशार वाटला."

मग चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'मलाही नाही समजलं, सर.' पाठोपाठ दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. बघता बघता एकतीस जणांनी.

सरांनी चष्मा पुसला आणि हळूच लिहिलं, 'पहिल्यापासून घेऊ का?'

सर्वांत आधी आर. व्ही.चं उत्तर आलं, 'हो सर.' या वेळी मात्र अख्खा वर्ग त्याच्या बाजूनं होता.