पडद्यामागचा राजा

त्या राज्यात नाटकाची रीत अशी होती, की ज्याचे अंग मोठे त्याने पुढे उभे राहायचे आणि ज्याचा आवाज चांगला त्याने पडद्यामागून बोलायचे. ही रीत कुणी पाडली, हे विचारायची सोय नव्हती. राजाच्या भूमिकेत हत्ती नुसते तोंड हलवी, आणि त्याचा तो भारदस्त आवाज काढी मागे बसलेला डबू नावाचा बेडूक. टाळ्या अर्थातच हत्तीला! डबूला फार वाईट वाटे, पण सांगणार कुणाला?

त्या वर्षी सिंहमहाराजांनी जाहीर केले, की यंदाही नाटक कंटाळवाणे झाले तर खेळाचे पटांगण गेंड्यांना लोळायला देऊन टाकू. मंडळींच्या तोंडचे पाणीच पळाले. त्यात खेळाला चार दिवस उरले असताना हत्तीच्या पायात काटा रुतला. आता बोला! राजाचे सगळे संवाद पाठ असलेला एकच प्राणी होता, आणि तो हत्तीच्या नखाएवढा होता.

तालमीत डबू पहिल्यांदाच पुढे आला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला. जन्मभर जाड पडद्यातून आवाज पोचवलेला. पडदा आता नाही, हे त्याच्या गळ्याला कळलेच नव्हते. शिवाय मागे बसायचा तसाच तो एका जागी चिकटून बसला. माकडे पोट धरून हसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे डबूला झाले.

तालीम घेणारे बगळेमास्तर मात्र हसले नाहीत. "अरे बाबा, ओरडतोस कुणावर? पडदा गेला ना!"

"मास्तर, पटांगण केवढं, मी केवढा! दिसणार तरी कसा?"

"एवढं पटांगण मिळालंय तर वापर की लेका! चाल त्याच्यावर. आणि थांबायला शीक. थांबलेल्याकडे सगळे बघतात. मासे तेवढे बघत नाहीत, म्हणून तर माझं पोट भरतं."

चार दिवस डबू चालत राहिला. टुणकन उडी मारायची खोड काही केल्या जाईना, पण पोटात श्वास धरला की पाऊल आपोआप संथ पडते, हे त्याला उमगले. त्या आनंदात तो जेवायचेही विसरला.

खेळाच्या दिवशी नाटकातला, अनेक वर्षांनी आपल्या राज्यात परतणारा राजा पटांगणाच्या पार टोकाकडून आला. बेडूक पाहून लोकांत खसखस पिकली. डबू थांबला. हसू ओसरेपर्यंत थांबला. मग एक पाऊल, दुसरे पाऊल. त्याने मान वर करून रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि तिथे सगळ्यांना महालाचा दरवाजा दिसला. "मी आलोय," तो हलकेच म्हणाला. शेवटच्या रांगेतल्या सशांनीही ते ऐकले आणि कान टवकारले.

सबंध पटांगण ओलांडून डबू सिंहासमोर आला आणि थांबला. मग सिंहमहाराज घाईघाईने आसनावरून उठले, शेपटी आवरून खाली उतरले आणि मान लववून बाजूला उभे राहिले.