हरवलेल्यांचा चौक

एक होती राजधानी आणि तिच्या मधोमध होता एक चौक. साधासुधा नव्हे हं! दहा माणसं आली की दहांपुरता, हजार आली की हजारांपुरता व्हायचा. आणि तिथली रीत अशी, की जो हरवला त्यानं चौकात येऊन उभं राहायचं. त्याचं माणूस त्याला तिथंच शोधायला यायचं.

त्या चौकात येसू कासारीण बांगड्या भरायची. तिची बहीण गोदी लहानपणी जत्रेत हरवलेली. येसूचे केस पिकले, पण जागा तिनं सोडली नाही. म्हणायची, "गोदीला रीत ठाऊक आहे. येईल ती."

राजाला मात्र दुपारच्या झोपेत गलबला सोसेना. मग त्यानं आधी विकणाऱ्यांना हाकललं. चौक आक्रसला. मग गाऱ्हाणी सांगणाऱ्यांना हाकललं. तेवढंच ऐकायला नको! चौक आणखी आक्रसला. शेवटी खेळणाऱ्या पोरांना हाकललं, आणि चौक मिटलाच, बरं का. उरले नुसते बोळ.

आता गोदी उभी कुठं राहणार? येसू एका बोळाच्या तोंडाशी बसून राहिली.

एकदा राजा एकटाच फिरायला निघाला. डावीकडे बोळ, उजवीकडे बोळ. राजवाडा काही सापडेना. संध्याकाळ झाली, मुकुट वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात येसू दिसली.

"मावशी, मी हरवलोय."

"मग चौकात जा की! का खाऊन बसलात तो?"

मग येसूलाच त्याची दया आली. पदरानं तिनं त्याचे डोळे पुसले. "बोलवा सगळ्यांना. स्वतःच्या तोंडानं बोलवा."

राजा ओरडला, "या रे! सगळे या! चुकलं माझं!"

मग भाजीवाले आले, भिंती मागं सरकल्या. गाऱ्हाणी घेऊन माणसं आली, भिंती आणखी सरकल्या. पोरं धावत आली आणि वर केवढं तरी आभाळ दिसलं. राजवाडाही दिसला. पण राजा तिकडं गेला नाही. तिथंच जमिनीवर बसून पहिलं गाऱ्हाणं ऐकू लागला.

आणि गर्दीत एक म्हातारी उभी होती. चौक शोधून शोधून पाय सुजलेले.

"येसे, किती गं उशीर!"

"मला उशीर? तूच मेली आत्ता येतेस!"

दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग एका चुलीवर जेवल्या आणि सुखानं राहिल्या.

चला, मिटा डोळे. आणि तू सरक जरा, धाकटीला जागा दे.